अर्जासोबतचा एक कागद

(धार व देवास येथील मराठी तरुण-तरुणी, त्यांचे पालक व शिक्षक यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय साधा निवडला आहे. नोकरीसाठी अर्ज करताना सोबत जोडावयाचा स्वतःचा परिचय, म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘बायोडाटा’ म्हणतो, तो कसा लिहावा, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. हा विषय भाषणाच्या योग्यतेचा आहे काय, अशी शंका कुणाच्या मनात येईल. त्यांच्यासाठी आरंभीच एक अनुभव सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात कंत्राटी लेखनिकांच्या थोड्या जागा भरावयाच्या होत्या. अर्जांची छाननी करण्याच्या कामी मलाही बसविले होते. अर्जांचे गठ्ठे मोठे होते आणि वेळ एका दुपारचा. त्यांत एका मुलीचा अर्ज होता. अक्षर सुरेख, शुद्धलेखन निर्दोष. परिचयपत्रात जन्मतारीख, उंची, गोत्र, वडिलांचा हुद्दा, भावंडांची शिक्षणे आणि शेवटी ‘छंद : वाचन, संगीत’ असा मजकूर होता. अनुभवाच्या रकान्यात एक आडवी रेघ. जाहिरातीत हिशेबाच्या कामाचा अनुभव मागितला होता. मी तो कागद बाजूला ठेवला.

पुढे काही दिवसांनी ती आपली मूळ प्रमाणपत्रे परत नेण्यास आली. सहज बोलता बोलता कळले की गावातील दूध संकलन केंद्राची वही ती चार वर्षे लिहीत होती. रोज सकाळ-संध्याकाळ दुधाचे माप, फॅटची नोंद, दर दहा दिवसांनी प्रत्येकाच्या पैशाचा हिशेब, हे सारे ती एकटी करी. “हे तू अर्जात का लिहिले नाहीस?” असे मी विचारले. ती म्हणाली, “साहेब, ती काही नोकरी नव्हती. घरचंच काम होतं.”

तोवर जागा भरल्या गेल्या होत्या. आम्हाला जी व्यक्ती हवी होती तीच अर्ज घेऊन आली होती, आणि कागदावर ती आम्हाला दिसली नाही. तिला पुढे दुसरीकडे काम मिळाले. परंतु माझ्या मनातली ती रुखरुख आजही गेलेली नाही. म्हणून हा विषय.

ओळखीचा काळ आणि अर्जाचा काळ

मित्रहो, धार आणि देवास या दोन्ही ठिकाणांचा इतिहास आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. अठराव्या शतकात पवार सरदारांबरोबर दक्षिणेतून जी कुटुंबे येथे आली, त्यांत शिलेदार होते तसेच कारकून, फडणीस आणि चिटणीसही होते. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन संस्थाने नांदली. म्हणजे कचेऱ्याही दोन आणि कारभारीही दोन. त्या काळी नोकरी मिळावयाची ती ओळखीने. अमक्याचा मुलगा, तमक्याचा पुतण्या, एवढे वाड्यात कुणी सांगितले की पुरे होई.

ही रीत आपल्यापुरतीच होती असेही नाही. ई. एम. फॉर्स्टर हे प्रख्यात इंग्रज कादंबरीकार 1921 साली थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव यांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने देवासात होते. त्यांना ते पद मिळाले ते अर्जाने नव्हे. त्यांचे स्नेही माल्कम डार्लिंग हे पूर्वी महाराजांचे शिक्षक होते. त्या ओळखीतून फॉर्स्टर प्रथम 1912 च्या अखेरीस येथे आले आणि पुढे चिटणीसही झाले. आपल्या टेकडीचे नाव ज्यात आले ते ‘दि हिल ऑफ देवी’ हे त्यांचे पुस्तक 1953 साली प्रसिद्ध झाले. चांगल्या माणसाला चांगल्या ओळखीने काम मिळाले, यात वावगे काही नाही. परंतु ज्याची अशी ओळख नव्हती, त्याने काय करावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या राज्यघटनेने दिले. 1948 साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि 26 जानेवारी 1950 रोजी घटना अंमलात आली. तिच्या सोळाव्या अनुच्छेदाने सार्वजनिक नोकरीत सर्व नागरिकांना समान संधी दिली आणि केवळ धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान वा निवास या कारणांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. ‘कूळ’ हा शब्द संस्थानी मुलखाने विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्यांच्या आजोबांचे दरबारात वजन होते त्यांचा आधार त्या दिवशी सुटला, आणि ज्यांच्या आजोबांना दरबारात कुणी ओळखतही नव्हते त्यांच्यासाठी दार उघडले. तेव्हापासून आपली ओळख आपणच कागदावर करून द्यावयाची आहे.

तसे पाहता हीही परंपरा आपल्याला नवी नाही. राजापूरहून आलेल्या एका पत्राचे अक्षर व मजकूर पाहून शिवाजी महाराजांनी बाळाजी आवजींना आपल्या पदरी घेतले आणि पुढे चिटणिशी दिली, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते. तिच्या तपशिलाचा निवाडा इतिहासकार करतील. परंतु एका स्वच्छ कागदाने माणसाचे गुण ओळखता येतात, ही श्रद्धा त्या हकीकतीच्या मुळाशी आहे, आणि ती खोटी नाही.

जाहिरात प्रथम वाचा

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. एक भेद आरंभीच ध्यानात घ्यावा. शासकीय पदांसाठी बहुधा ठरावीक नमुन्याचा अर्ज असतो, आता तो संगणकावरच भरावा लागतो, आणि निवड परीक्षेने होते. तेथे परिचयपत्राला वाव थोडा. परंतु पीथमपूरचे कारखाने, देवासच्या औद्योगिक वसाहती, खाजगी शाळा, रुग्णालये, सहकारी संस्था, तसेच अनेक कंत्राटी पदे या ठिकाणी परिचयपत्रच प्रथम पाहिले जाते.

अनेकजण एकच परिचयपत्र छापून घेतात आणि त्याच्या पन्नास प्रती सर्वत्र वाटतात. असे करू नये. जाहिरात हाती घ्या, पेन्सिल घ्या, आणि मागितलेल्या प्रत्येक गोष्टीखाली रेघ ओढा. मग एका कोऱ्या कागदावर डावीकडे त्यांची मागणी आणि उजवीकडे तिच्याबद्दल आपल्यापाशी असलेला पुरावा, अशी यादी करा. उजवी बाजू बहुतांशी भरली तर अर्ज करा. ती जवळजवळ रिकामी राहिली, तर त्या अर्जावर टपालखर्च न करता ते ज्ञान मिळविण्यात वेळ घालवावा. ही यादी म्हणजेच तुमच्या परिचयपत्राचा पाया होय.

काय लिहावे

सर्वांत वर नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि ई-मेल. क्रमांक असा द्यावा की जो खरोखर उचलला जाईल. त्याखाली कोणत्या पदासाठी अर्ज आहे ते एका ओळीत. त्यानंतर कामाचा अनुभव, सर्वांत अलीकडचा आधी. नंतर शिक्षण, तेही त्याच क्रमाने. मग येत असलेली कौशल्ये व भाषा. शेवटी, मागितली असल्यास, दोन जाणत्या व्यक्तींची नावे. मात्र त्यांची परवानगी घेतल्यावाचून ती देऊ नयेत. नव्याने शिक्षण संपविलेल्यांना एक पान पुरते. अनुभवी माणसाने दोन पानांपलीकडे सहसा जाऊ नये. छाननी करणाऱ्याची पहिली नजर प्रत्येक कागदावर फार थोडा वेळ राहते, हे मी अपराधी मनाने परंतु स्वानुभवाने सांगतो. तेवढ्या वेळात जे दिसावे असे तुम्हाला वाटते, ते पहिल्या अर्ध्या पानावर आले पाहिजे.

अनुभव म्हणजे केवळ पगाराची नोकरी नव्हे. सोयाबीनच्या हंगामात अडत्याच्या दुकानी तोलाई आणि पावत्या सांभाळल्या असतील, तर तो अनुभव आहे. मोटारपंप दुरुस्त करून दिले असतील, गावच्या शाळेत सुट्टीत मुलांना गणित शिकविले असेल, बागच्या ठशांच्या छपाईत घरच्या कारखान्यात रंग मिसळण्याचे काम केले असेल, तर तोही अनुभवच आहे. फक्त ते असे लिहावे की वाचणाऱ्याला काम डोळ्यांसमोर दिसेल. ‘हिशेबाची जबाबदारी समर्थपणे पार पाडली’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘दूध संकलन केंद्रात चार वर्षे रोजच्या नोंदी ठेवल्या व दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिले तयार केली’ हे वाक्य वाचले की माणूस उभा राहतो. काय केले, किती काळ केले आणि त्यातून काय निघाले, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक नोंदीत असावीत. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘कष्टाळू’ ही विशेषणे स्वतः स्वतःला लावू नयेत. ती इतरांनी लावावयाची असतात.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून आलेल्यांनी आपला व्यवसाय, प्रमाणपत्राचे वर्ष आणि कोणती यंत्रे स्वतः चालविली ती स्पष्ट लिहावीत. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली उमेदवारी केली असेल तर कारखान्याचे नाव व मुदत अवश्य द्यावी. कारखानदाराच्या दृष्टीने ती एक ओळ पुष्कळ बोलते.

काय लिहू नये

आपल्या घरांतून ‘बायोडाटा’ हा शब्द लग्नाच्या संदर्भात इतका रुळला आहे की नोकरीचा कागदही त्याच वळणावर जातो. रास, गोत्र, वर्ण, उंची, मामांचे कूळ, काकांचे हुद्दे या गोष्टी नोकरीच्या कागदावर नकोत. सैन्य वा पोलीस दलात उंची लागते, तेथे ती नमुन्यातच विचारली जाते. राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याचा तपशील आवश्यक असतो, तोही जेथे विचारला असेल तेथे बिनचूक द्यावा. मात्र येथील दाखल्यावर दुसऱ्या राज्यात आरक्षणाचा लाभ सामान्यतः मिळत नाही, ही गोष्ट महाराष्ट्रात अर्ज करणाऱ्यांनी आधीच जाणून घ्यावी.

आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक असा मजकूर परिचयपत्रावर कधीही लिहू नये. हा कागद कुणाकुणाच्या हाती जाईल ते सांगता येत नाही. शासकीय अर्जाचे जाहीर केलेले शुल्क भरणे निराळे. पण नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर तेथून उठून यावे.

नावाचा घोळ

आता आपल्याच भागाची एक अडचण. महाराष्ट्रात नाव लिहिताना मधे वडिलांचे नाव येते. इकडच्या हिंदी शाळांत बहुधा केवळ नाव व आडनाव नोंदविले जाते, वडिलांचे नाव स्वतंत्र रकान्यात जाते. परिणामी एकाच मुलाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर दोन शब्दांचे नाव, पदवीवर तीन शब्दांचे आणि ओळखपत्रावर तिसरेच काही, असा प्रकार घडतो. येथल्या राजघराण्याच्या आडनावाचेच उदाहरण घ्या. मराठीत आपण ‘पवार’ म्हणतो, हिंदीत कुणी ‘पंवार’ लिहितो, इंग्रजीत जुन्या कागदांवर ‘पुआर’ दिसते आणि आता तसे न लिहिणारेही आहेत. राजघराण्याचे त्यावाचून अडले नाही, उमेदवाराचे अडते.

म्हणून दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव व जी जन्मतारीख असेल, तीच परिचयपत्रावर अक्षरशः उतरवावी. फरक असेल तर योग्य मार्गाने दुरुस्ती करून घ्यावी. विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींनी विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवावा आणि ‘पूर्वीचे नाव’ ही ओळ लिहावी. शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे की दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना प्रत्येक मुलाच्या नावाचे हिंदी व इंग्रजी स्पेलिंग पालकांना वाचून दाखवावे. त्या पाच मिनिटांनी मुलाचे पुढचे अनेक हेलपाटे वाचतात.

भाषेचे सापळे

आपण घरी मराठी बोलतो, शाळेत हिंदी शिकतो आणि कारखान्यात इंग्रजी कागद देतो. तीन भाषा येणे हे तुमचे भांडवल आहे. परिचयपत्रात ते अभिमानाने मांडावे. कोणती भाषा बोलता येते, कोणती लिहिता येते, कोणत्या भाषेत टंकलेखन येते, हे वेगवेगळे लिहावे. परंतु या भाषा एकमेकींत मिसळल्या की विपरीत अर्थ होतो. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत तेच शिक्षण. महाराष्ट्रातल्या कचेरीत ‘माझी शिक्षा धार येथे झाली’ असा अर्ज गेला तर वाचणारा चमकेल! उलट, मराठीत आपण नोकरीचा ‘राजीनामा’ देतो. हिंदीत ‘राज़ीनामा’ म्हणजे उभय पक्षांतील तडजोड, आणि नोकरी सोडण्यास ‘इस्तीफ़ा’ किंवा ‘त्यागपत्र’ म्हणतात. मराठीत ‘चेष्टा’ ही थट्टा, हिंदीत तो प्रयत्न. म्हणून ज्या भाषेत अर्ज करावयाचा त्या भाषेत नीट लिहिणाऱ्या एखाद्या माणसाला तो वाचावयास द्यावा. लाजू नये. माझे स्वतःचे लेखनही मी दुसऱ्याला दाखविल्यावाचून छापावयास देत नाही.

संगणकावर लिहिणाऱ्यांना एक सूचना. जुन्या पद्धतीच्या देवनागरी टंकांत लिहिलेला मजकूर, तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा उमटतो. युनिकोडमध्येच लिहावे आणि पीडीएफ करून पाठवावे. फाईलला ‘बायोडाटा नवीन अंतिम’ असे नाव न देता स्वतःचे नाव व पदाचे नाव द्यावे. मोठ्या कंपन्यांत कागद प्रथम संगणकच चाळतो. त्याला चौकटी, नक्षी आणि रंगीत पट्ट्या यांतून मजकूर वेचता येत नाही. साधी मांडणी हीच उत्तम मांडणी. केंद्रीय श्रम मंत्रालयाची ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ ही सेवा 2015 पासून सुरू आहे. तीवरही नाव नोंदवून ठेवावे.

खरे तेच लिहावे

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. परिचयपत्रात खोटे लिहू नये. न केलेला अभ्यासक्रम, वाढविलेली गुणांची टक्केवारी, फुगविलेला पगार, या गोष्टी पडताळणीत उघड होतात. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग यांच्या खटल्यात उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे आणि तीत लपवाछपवी असू नये, असे स्पष्ट सांगितले. शिक्षा वा अटक यांसंबंधी विचारले असता खरे सांगणाऱ्याचा विचार होऊ शकतो. दडविणाऱ्याची लागलेली नोकरीही जाऊ शकते. मधली दोन वर्षे घरच्या आजारपणात गेली असतील तर तसे एका ओळीत लिहावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

मात्र खोटे लिहू नये हे जितके खरे, तितकेच खरे असलेले न लिहिणे हाही दोष आहे, हे मला आज विशेषेकरून सांगावयाचे आहे. आपल्याकडे स्वतःविषयी बोलणे असभ्य मानतात. विशेषतः मुलींना तर लहानपणापासून तसे शिकविले जाते. घरातले, शेतातले, दुकानातले त्यांचे काम ‘घरचे’ म्हणून कुठेच मोजले जात नाही. पुढे त्याही ते मोजेनाशा होतात. विनय हा गुण आहे. परंतु केलेल्या कामाची नोंद करणे म्हणजे आत्मप्रौढी नव्हे. फडावरचा कारकून रोजकीर्द लिहितो, तेव्हा तो बढाई मारीत नसतो.

आणि येथे उपस्थित असलेल्या अधिकारी मित्रांनाही दोन शब्द. जाहिरात लिहिताना काम काय आहे ते सोप्या भाषेत लिहावे. ‘अनुभव’ या शब्दाने आपणास काय अभिप्रेत आहे ते सांगावे. घरच्या वा सहकारी कामाचा अनुभव चालत असेल तर तसे नमूद करावे. छाननीस बसताना घाई असतेच, परंतु ज्या रकान्यात आडवी रेघ आहे तिच्यामागे कदाचित चार वर्षांची वही असेल, एवढे मनात धरावे. मी ते त्या दुपारी धरले नाही.

तरुण मित्रांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. एक वही घ्या आणि गेल्या पाच वर्षांत आपण केलेले प्रत्येक काम, पगार मिळालेले असो वा नसो, तीत उतरवा. कधी केले, किती केले, कुणासाठी केले, हे लिहा. मग ती वही आईला वाचून दाखवा. तुम्ही विसरलेल्या दोन-चार गोष्टी ती नक्की सांगेल. परिचयपत्राची सुरुवात त्या वहीपासून होते. तुमच्या गुणांची पारख करणारा वाचक कुठेतरी गठ्ठ्यासमोर बसलेला आहे. त्याला तुम्ही दिसाल असा कागद त्याच्यापुढे ठेवा.